‘काय न्हाय, बसतो नुसतं’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय आण्णाप्पा बिर्जे, महापालिकेच्या बाग खात्याच्या कामातून सवड काढून आलेले प्रमुख पाहुणे नागराज साहेब, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते आपल्या काठावरच्या बागेचे माळी भरमा रवळू कणबरकर, म्हणजे आपले भरमाण्णा, आणि ओढ्याकाठी रोज फिरायला येणाऱ्या, बसायला येणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. वर येताना संयोजकांनी कानात सांगितलं, “बाई, आज समारंभ हाय. चार चांगले शब्द बोला, आभार माना. त्यो विषय काडू नका.” मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. सूचना द्यायची सवय आहे, घ्यायची अजून लागलेली नाही. तेव्हा तो विषय निघेल. आधी चांगले शब्द.

एकतीस वर्षांपूर्वी भरमाण्णा इथं आले तेव्हा या काठावर बाभळीची काटेरी झुडपं आणि गावाचा कचरा एवढंच होतं. हे करंज, ही जांभळं, तो उंबर, सगळं त्यांच्या हातचं. पहिली दोन वर्षं त्यांनी ओढ्याचं पाणी घागरीनं घातलं. तेव्हा ओढ्याचं पाणी घालण्यासारखं होतं, हेही नोंदवून ठेवते.

आणि माणूस आज्ञाधारक किती! एकदा वरून बोर्ड आला, ‘हिरवळीवर बसू नये’. भरमाण्णांनी तो त्याच दिवशी लावला, फक्त तोंड ओढ्याकडं करून. पलीकडच्या काठावर पाणी प्यायला येणाऱ्या म्हशींनी तो वाचला असेल तर असेल. तेव्हाच्या साहेबांनी झापलं, तर हे म्हणाले, “बोर्ड लाव म्हटलासा, लावलो. कुठल्या अंगानं लावायचा त्ये कुठं सांगिटलासा?” हसताय ना? हसा. त्या बोर्डामुळं आपण सगळे गेली बारा वर्षं हिरवळीवर बसतो आहोत.

भरमाण्णांचं वय झालं, ते निवृत्त होतात, याला माझी हरकत नाही. माझी हरकत त्या कागदाला आहे, जो गेल्या मंगळवारी जिवंत करंजाच्या बुंध्यात खिळा मारून लावलाय. कागद सरकारी, म्हणून कन्नडमध्ये आहे, अक्षर बारीक आहे, म्हणून पुष्कळांनी तो वाचला नसेल. मी दोनदा वाचला. भरमाण्णांच्या जागी माळी नेमायचा नाही, कारण बागच ठेवायची नाही. तिथं तीन मजली पार्किंग होणार. आणि कारण काय? शंभरातल्या एक्क्याऐंशी रहिवाशांनी सांगितलं म्हणे, की या जागेचा आम्हाला काही उपयोग नाही.

कोण हे रहिवासी? तुम्ही. तुम्ही सगळे. आणि लिहिलं कुणी? मी.

फेब्रुवारीत सर्वेक्षणाची माणसं आली होती, आठवतं? सकाळी अकराला आली, म्हणजे काठावर माणूस नसतो तेव्हा. गाडीतून उतरायलाही तयार नव्हती. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. मला म्हणाली, “टीचर, तुम्हाला दोन्ही येतं, तुम्हीच भरून द्या.” मला मोठेपणा वाटला, खोटं कशाला बोलू! दोनशे सहा फॉर्म मी माझ्या वळणदार अक्षरात भरले. त्यात एक प्रश्न होता, ‘या जागेचा आपण काय उपयोग करता?’ पुढं चौकोन. व्यायाम. खेळ. व्यवसाय. इतर. काही नाही. मी एकेकाला विचारत गेले आणि एकेक जण मला सांगत गेला, “काय न्हाय बाई, बसतो नुसतं.” मी ‘काही नाही’वर खूण करत गेले.

आता मला सांगा, आपल्या भागात ‘काय न्हाय’चा अर्थ ‘काही नाही’ असा कधीपासून झाला? आपल्याकडं घरात पोळ्यांचा घाट घातलेला असतो, शेजारीण विचारते, “काय करालाय?” आपण म्हणतो, “काय न्हाय, सैपाक.” मुलीचं लग्न ठरतं, मांडव पडतो, “काय न्हाय, एक बारकं कार्य हाय.” जे जिवाजवळचं असतं त्याला आपण ‘काय न्हाय’ म्हणतो, कारण आपल्या सुखाचा डांगोरा पिटायची आपल्याला लाज वाटते. हे त्या गाडीत बसलेल्यांना कळलं नाही, ठीक आहे. पण मी इथंच जन्मले, इथंच वाढले. मला कळू नये? मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला आणि स्वतःची चूक मात्र खिळा ठोकलेल्या कागदावर वाचायची वेळ आली. त्या दिवशी मला माझा इतका राग आला की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म न घेता गेले आणि प्रश्न बदलला. विचारलं, “इथं आला नाहीत तर काय होतं?”

समोर तिसऱ्या रांगेत अंबाजी बसलेत. वडगावात त्यांच्या घरात चार पॉवरलूम आहेत, दिवसभर खटखट. ते म्हणाले, “बाई, न्हाय आलो तर मी घरात बोलत न्हाय, वरडतो. बायको वळखती. म्हनती, आज काठाव गेला न्हाईसा वाटतं.” राजाबाई मूळच्या खेड्यातल्या, उचगावच्या. मुलानं शहरात फ्लॅट घेतला आणि आईला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. त्या म्हणाल्या, “वर माती कुठली वो? हितं येतो, चप्पल काडतो, पाय टेकवतो. न्हाईतर झोप लागत न्हाय.” साहेब, याला तुमच्या फॉर्मवर कुठला चौकोन आहे? व्यायाम? की खेळ?

आणखी एक फॉर्म राहिला. माझा. त्यावरही मीच ‘काही नाही’वर खूण केली होती.

आमचे हे गेले त्याला दोन वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं. मुलगा, सून, नातवंडं, सगळी गुणाची. पण त्या घरात मला रडायला जागा नाही. न्हाणीत जाऊन नळ सोडला, तर नात विचारते, “आजी, आज दोनदा आंघोळ?” म्हणून मी संध्याकाळी काठावर येते आणि उंबराखाली बसून रडते. पंधरा मिनिटं. मग पदरानं तोंड पुसते आणि माणसांत येते. त्या वेळेला तिकडं कुणी फिरकत नाही, याचं मला बरं वाटायचं. नशीब समजत होते. परवा राजाबाईंनी सांगितलं, “नशीब कसलं वो बाई? तुम्ही आलासा की भरमाण्णा वाटंवर पायपानं पाणी सोडतो आन् लोकास्नी म्हनतो, तिकडं जाऊ नका, लई चिखल झालाय.”

दोन वर्षं, भरमाण्णा! आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत. आज तुम्हाला शाल दिली, नारळ दिला, तुमच्या फोटोपेक्षा साहेबांचा फोटो मोठा असलेला हा फलक लावला. एवढ्यावर तुम्हाला निरोप देऊन आम्ही घरी गेलो तर आम्ही कृतघ्न ठरू.

हरकती द्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे. बागेच्या फाटकाजवळच्या टेबलावर दोनशे सहा कोरे अर्ज ठेवलेत, प्रश्न आणि चौकोन तेच आहेत. मराठीत सांगा, कन्नडमध्ये मी लिहून देते. पण या वेळी खरं सांगायचं. लाजायचं नाही. अध्यक्ष महाशयांची परवानगी गृहीत धरून चहा मी अर्जांनंतर ठेवायला सांगितला आहे.

संयोजकांचे आभार, त्यांनी मला अडवलं नाही. अध्यक्षांचे आभार, त्यांनी घंटी वाजवली नाही. नागराज साहेब, तुम्ही पाहुणे आहात. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. लिहिण्यात जे झालं त्याची माफी मात्र मी मागत नाही, ते मला दुरुस्त करायचं आहे. हा माझा अर्ज. ‘इतर’ या चौकोनात खूण आहे, पुढं लिहिलंय, ‘रडणे’.

याची पोच द्या, साहेब. पोच मिळाली की मी खाली बसते.