आम्हाला पुरतंय

माझं माहेर राहू, दौंड तालुक्यातलं. आमची फुलांची शेती, शेवंती आन् झेंडू, दोन एकर. वडील पहाटं फुलं तोडून पुण्याच्या मार्केटला पाठवायचे, तवा पुणं म्हंजी आमची फुलं जातात ते गाव, एवढंच ठाऊक. मी थोरली, माझ्या पाठीवर बाळू. मी सातवीतनं शाळा सोडली आन् फुलं तोडायला लागले, बाळू शिकला, इंजिनिअर झाला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आन् काय सांगू तुम्हाला, त्याच्या पहिल्या पगाराचे पेढे मीच साऱ्या आळीत वाटले.

लग्न होऊन मी शिक्रापूरला आले. आमचे हे एका कंपनीत सिक्युरिटीला, मी दुसऱ्या कंपनीच्या कॅन्टीनला चपात्या करते, रोजच्या किती ते मी मोजत न्हाई, खांदा मोजतो. दोघांचे मिळून तीस हजार येत्यात. भाड्याची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, पोरगी शिरूरला कॉलेजला जाते एसटीनं. भागतं का, तर भागतं. तेल महाग झालं की भजी बंद. कुणी इचारलं की मी म्हणायचे, आम्हाला पुरतंय, आन् असं म्हणताना बरं बी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग वडील गेले, सातबाऱ्याला तिघांची नावं लागली, आईचं, बाळूचं आन् माझं. एक दिवस बाळू आईला घेऊन आला, म्हणाला, अक्का, पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, रान विकावं लागंल, तू हक्कसोड करून दे. आता आमच्याकडं रीतच हाय, बहिणीनं हिस्सा सोडायचा आन् भावानं तिला साडी नेसवायची, जिनं हिस्सा मागितला तिला माहेर उरत न्हाई. तरी मी म्हणलं, माझं काय रं? तर तो आन् आई दोघं बी म्हणाले, गावातलं घर आन् जागा आईच्या नावावर हाय, ती तुलाच, म्हातारपणी तिथं येऊन रहा. कागदावर घ्यावं असं मनात सुदिक आलं न्हाई, आईच्या तोंडचा शब्द कुणी कागदावर घेतं व्हय? दौंडला जाऊन सही केली. साडी मिळाली मोतिया रंगाची, आजवर दोनदाच नेसलीय.

फ्लॅट झाला, बाळूनं आईला नेलं. चार महिन्यांनी गाडीत घालून माझ्याकडं आणली, म्हणाला, थोडे दिवस ठेव, त्याला आता तीन वर्सं झाली. मी नको म्हणलं न्हाई, आई हाय ती. पण इचारलं, बाळू, तुम्हा नवरा-बायकोला पगार किती येतो रं? म्हणाला, दोन लाखाच्या वर, पण अक्का, पुण्यात त्याच्यात काय व्हतंय, हप्ता, गाडी, पोरांच्या शाळा, तुला न्हाई कळायचं. मी म्हणलं, मंग किती झाले म्हंजी पुरंल? हसला आन् म्हणाला, अजून एक लाख. लग्नाच्या टायमाला त्याला पन्नास हजार व्हते, तवा बी तो हेच म्हणत व्हता, अजून थोडे पाहिजेत.

ह्या भाऊबीजेला आला. मी ओवाळलं, त्यानं ताटात पाचशे टाकले आन् आईजवळ जाऊन बसला. मी पुऱ्या तळत व्हते, पण खोली एवढीशी, सगळं कानावर येतंच. मोठा फ्लॅट घ्यायचाय म्हणाला, आन् गावच्या जागेला गिऱ्हाईक आलंय. मी तिथनंच म्हणलं, बाळू, ती जागा माझी ठरलीय. व्हय व्हय अक्का, नुसतं बोलतोय, म्हणाला. पुढच्या मंगळवारी मी ड्युटीवरनं आले तर आई कॉटवर बसलेली, आंगठ्याला शाई. मी कामावर गेल्यावर दौंडला नेऊन आणली व्हती त्यानं. मी म्हणलं, आई, मला शब्द दिला व्हतास की गं. ती माझ्याकडं बघंना. म्हणाली, तुला पुरतंय गं, तूच म्हणतीस, त्याला न्हाई पुरत.

बाळूचा राग आला, तो येतो आन् जातो. पण आई माझ्या हातचं खाऊन, माझ्या खोलीत राहून असं बोलली, ते काय केल्या जाईना. दोघांनी मिळून फसवलं मला, आन् माझाच शब्द पुढं करून. आता काम सुटल्यावर आम्ही दोघं कुठं जायचं, ते काय ठाऊक न्हाई.

आईला मी बाहेर काढणार न्हाई. सकाळी चहा देते, तेल लावून पाय चोळते. देवापुढं ती बाळूचं नाव घेऊन हात जोडती, मी बी म्हणते, पुरू दे बाबा त्याला. पण परवा कॅन्टीनातल्या बाईनं सहज इचारलं, काय गं, भागतं का तुमचं? मी लाटता लाटता म्हणलं, न्हाई, भागत न्हाई. पोरीला बी सांगून ठेवलंय, कुणी बी इचारू दे, मामा असू दे, आजी असू दे, न्हाईतर उद्या तुझी आई, पुरतंय म्हणू नकोस.