तोंडाशी धरायची वस्तू

...आणि वर म्हणतात, पुसून घ्या ताई. काय पुसून घ्या? रात्रपाळीचा भाऊ पाळीभर बोलबोलून गेलेला, आतून ओला झालेला माईकवरचा तो काळा स्पंज, गालाशी आला की आधी तंबाखूचा वास, मग कांद्याचा, आणि त्याच्याही खालून कुणाचा तरी जुना खोकला... तो पुसून जातो होय? फरशी असती तर पुसली असती. तोंडाशी धरायची वस्तू आहे हो ती, तोंडाशी.

तुम्हाला सांगते, आमचं गोदाम आधी बरं होतं. हातात चिठ्ठी, कानामागे पेन्सिल, चिठ्ठीत लिहिलेला माल कप्प्यातून काढायचा, ट्रॉलीत टाकायचा, खूण करायची, चला पुढे. मग वरच्यांच्या डोक्यात आलं की कागद नको, मशीन बोलेल आणि बाया ऐकतील, जसं काही घरी आम्हाला कुणी ऐकवतच नाही. आता डोक्यावर यंत्र चढवून, तोंडाशी माईक लावून, कानात एक बाई बसवलीय. ती म्हणते, "रांग सात, कप्पा एकोणीस." तिथं जायचं, कप्प्यावर चिकटवलेला आकडा तिला वाचून दाखवायचा, म्हणजे तिची खात्री पटते की आपण भलतीकडे हुंदडत नाही. मग म्हणते, "तीन उचला." उचलायचे, बोटात अंगठीसारखं यंत्र घातलेलं असतं त्याचा लाल उजेड खोक्यावर मारायचा, ते टुंई करतं, आणि मग माईकमध्ये म्हणायचं, "तीन उचलले." माझ्या सासूबाईंनीसुद्धा एवढा हिशोब कधी मागितला नाही. बरं, त्या अंगठीचा घामट पट्टा... नको, तो राहू द्या, तुम्ही जेवून आला असाल.

तर यंत्रं थोडी आणि डोकी जास्त, म्हणून पाळी बदलली की यंत्र त्या रात्रपाळीवाल्या भावाच्या डोक्यावरून निघून थेट माझ्या डोक्यावर, अजून कोमट. सुपरवायझरला म्हटलं, भाऊ, ज्याचा त्याला वेगळा स्पंज द्या. तो मान तिरकी करून म्हणतो, "ताई, सगळे लावतात. कोणी मेलं का?" म्हटलं, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, घरी गेले की आधी माझा गाल तोंडात घालतं. तर म्हणतो, "मग गाल धुवा." हा घरी तरी गाल धुतो का, मला शंका आहे.

शेवटी काय केलं, बाळाचा मोजा आणला. उकळून, उन्हात वाळवून. पिवळा, वर बदक. माईकवर असा बसला, जणू त्याच्याच मापाचा विणलेला. आणि नेमकी त्याच दिवशी आवाजाची नवी नोंद. म्हणजे कसं, मशीन आधी प्रत्येकीचा आवाज शिकून घेतं, आकडे म्हणा, परत म्हणा, "उचलले" म्हणा, "संपलं" म्हणा. शिकवायला आलेल्या माणसाचं डोकं त्याच्या कॉम्प्युटरात, आणि मी लाजून भिंतीकडे तोंड केलेलं. सगळं मोज्यातूनच म्हटलं. मशीनने माझा आवाज मोज्यासकट पाठ केला. त्याला काय माहीत बदक.

आणि काय चालायचं हो आमचं दोघांचं! मी म्हणायच्या आत ते समजायचं, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी आमच्या ह्यांना जमलेलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हुकूम निघाला, महिनाअखेरीला ज्यांचं काम मशीनवर मागे पडेल ते रात्रपाळीला. आमचे हे रात्री राखणदारीला जातात. घरी उरल्या सासूबाई, त्यांच्या उशाशी ढोल बडवला तरी कूस बदलून झोपतील. आणि बाळ रात्री दूध ओकतं, दचकून उठून त्याला आडवं धरावं लागतं. मी इथं खोकी उचलत असताना तिथं बाळाला कोण उचलणार? म्हणून मी अशी पळत होते, अशी पळत होते की ट्रॉलीची चाकं कुरकुरायला लागली.

तेवढ्यात सुपरवायझरला मोजा दिसला. "हे काय? पायातलं तोंडाला?"

म्हटलं, "भाऊ, माझं बाळ अजून चालत नाही. त्या पायाला जमीन माहीत नाही. तुमच्या स्पंजाला मात्र सगळं गोदाम माहीत आहे."

"काढा ते. उद्या मोठे साहेब बघायला येणारेत."

काढला. आणि कानातली बाई मला ओळखेचना. "चार उचलले." "पुन्हा सांगा." "चार." "पुन्हा सांगा." हळू बोलले, ओरडून बोलले, लाडीगोडी लावली... "पुन्हा सांगा." आणि दर वेळी तोंड त्या ओल्या स्पंजाच्या आणखी जवळ, ओठाला लागला हो, ओठाला! तोंडाशी धरायची वस्तू, ती पार तोंडात. मागे बायांच्या ट्रॉल्यांची रांग. मागची म्हणते, "अगं, भांडतेस कुणाशी?" महिनाअखेर तोंडावर, आणि संध्याकाळी कामाच्या फलकावर माझं नाव सगळ्यात खाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते नेमके माझ्याच रांगेत. मी म्हटलं, रात्रपाळी तर ठरलेलीच आहे, मग घाण तरी का खाऊ? कमरेला खोचलेला मोजा काढला, चढवला, बोलले. बाई लगेच म्हणाली, "बरोबर. पुढे चला." साहेब थांबले. सुपरवायझरचा चेहरा उतरला. साहेबांनी माझ्या डोक्यावरचं यंत्र काढून स्वतःच्या डोक्यावर घातलं, बदक ओठांपाशी धरलं, दोन-चार आकडे म्हटले, हुंगून पाहिलं. "मऊ आहे. वासही नाही. कुणाची कल्पना?"

सुपरवायझर म्हणतो, "आमच्याच विभागाची, साहेब."

साहेब म्हणाले, "सगळ्यांना द्या. आणि सगळ्यांचे आवाज ते घालून परत नोंदवा. पण रोज धुणार कोण?"

सुपरवायझरने हळूच बोट केलं. माझ्याकडे.

"छान," साहेब म्हणाले, "मग ह्या ताईंना दिवसपाळीच कायम ठेवा, संध्याकाळी घरी नेऊन धुतील."

तर मिळाली दिवसपाळी. रात्री बाळ माझ्याच कुशीत असतं, देवाची कृपा. पण रोज संध्याकाळी पिशवीभर मोजे घरी येतात, तंबाखूवाल्या भावाचा, कांदेवाल्या वहिनींचा, खोकलेवाल्या काकांचा, सगळे ओलेचिंब, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. तोंडाशी धरायच्या वस्तू त्या, दोन्ही पाळ्यांच्या.

काल सासूबाई न्हाणीत डोकावल्या. "काय गं सूनबाई, मनासारखी पाळी मिळाली ना? मग बोलत का नाहीस?"

बोलणार कशी? श्वास धरलेला असतो हो मी.