आठवा डाव

सेंट लुईसच्या बेसबॉल मैदानाबाहेर रांगेत उभ्या वर्नाच्या पुढे पिकल्या केसांचे बहीणभाऊ बोलत होते.

"बाबा गेल्यावरची पहिलीच मॅच. आज शेवटपर्यंत बसायचं हं, रसेल!"

"बसू की. बाबा तर नऊपैकी आठव्या डावालाच उठवायचे. म्हणे, नंतर गाड्यांच्या गर्दीत अडकू."

"आणि फायनल जिंकून देणारा तो होमरनचा फटका? पार्किंगमध्ये रेडिओवर ऐकला आपण! केवढी रडले होते मी."

"बाबा गाडीच्या टपावर चढून नाचले होते, लोरेन. टप चेपला पार."

"आई किती ओरडली! पण त्यांनी तो शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही."

रांग सरकली.

"रसेल, तुझ्या गाडीतला रेडिओ चालतो ना रे?"

"चालतो. का गं?"

"आठव्या डावाला उठू या."