बिनसाखरेचं घर

वन्सं: आणि त्या वरच्या डब्यात?

वहिनी: तीळ. उघडून बघा ना. झाकण घट्ट आहे, जरा जोर लावा.

वन्सं: मी काही झडती घेत नाहीये, वहिनी.

वहिनी: नाही कशी? अख्खी फळी खाली उतरवलीत. घ्या, हाही बघा, ओट्स. हा जवसाचा. ह्यात खजूर, बिया काढलेले. आणि ही बरणी तुम्ही ओळखाल, तुमच्या आईंची. पूर्वी साखरेचीच होती. आता चिमीचे रंगीत खडू असतात तिच्यात.

वन्सं: मग बाबांच्या अंगात साखर आली कुठून? हवेतून?

वहिनी: मलाही तेच कळत नाहीये.

वन्सं: काल डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? कित्येक महिने साखर वाढलेली असल्याशिवाय जखम अशी चिघळत नाही. पाय गेला, वहिनी! जन्मभर शिलाईचं मशीन चालवलं त्या पायाने. आम्ही दोघं भावंडं त्या पायावर शिकलो. आणि काल घोट्याच्या वरून कापून टाकला.

वहिनी: मी तिथेच होते.

वन्सं: होतीस ना. डॉक्टरांनी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं, तेव्हा खाली मान घालून उभी होतीस.

वहिनी: सगळे एकदम माझ्याकडे वळले. तुम्ही, नर्स, अगदी स्ट्रेचर ओढणारा माणूससुद्धा. मग मी बघायचं कुठे?

वन्सं: मी तुला दोष देत नाहीये. पण एखाद वेळेस दया येते, माणूस हट्ट करतं, आपण देतो थोडंसं. तसं झालं असेल तर सांग. घरातल्या घरात आहे.

वहिनी: दया आली असती तर बरं झालं असतं. निदान आज काहीतरी कबूल करायला असतं माझ्याकडे. दोन वर्षं झाली, या घरात मैदा आलेला नाही. तळण नाही, पांढरा पाव नाही. भोपळा भाजते, सूप करते, मीठसुद्धा चिमटीने. गोड म्हणून सफरचंद भाजून त्यावर दालचिनी. चिमीच्या वाढदिवसाला बीट किसून केक केला. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यातल्या एकीने विचारलं, काकू, हा केक आजारी आहे का?

वन्सं: पोरीला तरी कशाला त्यात ओढायचं पण?

वहिनी: मग काय, एका घरात दोन चुली मांडू? आपण गोड खायचं आणि बाबांनी आवंढे गिळायचे? तुमच्या दादांचंच म्हणणं होतं ते. सगळ्यांनी एकच खायचं, म्हणजे बाबांना एकटं वाटणार नाही. घरचं अन्न हेच औषध, म्हणाले. औषध वेळेवर द्यायला घरात कुणीतरी हवं. म्हणून चष्म्याचं दुकान सोडलं मी.

वन्सं: ते काय, काउंटरवर उभं राहायचं.

वहिनी: काउंटरवर नव्हते मी. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. नवा चष्मा लावून माणूस पहिल्यांदा बाहेर रस्त्याकडे बघतं ना, तेव्हाचा चेहरा... जाऊ दे. तुम्हाला तो खालचा कप्पा बघायचा राहिलाय.

(दादा हॉस्पिटलमधून येतो. हातात कापडी पिशवी.)

दादा: अरे, हे काय? सगळे डबे जमिनीवर? मुंग्या येतील.

वहिनी: नाही येणार. मुंग्यांनी यावं असं काही नाहीच या घरात. वन्संनी आत्ताच खात्री करून घेतलीय.

वन्सं: बाबा कसे आहेत?

दादा: जागे आहेत. थोडं थोडं बोलतायत. त्यांचे कपडे दिलेत परत. आणि बूट.

वन्सं: बघू... दोन्ही? दादा, दोन्ही कशाला घेऊन आलास रे?

दादा: एक तिथे टाकून यायचं जिवावर आलं.

वहिनी: ठेवा ते बाहेर. चिमी शाळेतून येईल आता.

दादा: हं. आणि ऐक, उद्या सकाळी तुला बोलावलंय तिकडे. आहाराच्या बाई आहेत ना, त्या तुला समजावून सांगणार आहेत. काय शिजवायचं, कसं शिजवायचं.

वहिनी: मला?

दादा: अगं, ते सगळ्यांनाच बोलावतात. जायचं, मान हलवायची, यायचं.

वहिनी: म्हणजे तुम्ही सांगितलंत त्यांना, बायकोला समजत नाही म्हणून.

दादा: मी काहीच सांगितलं नाही.

वहिनी: तेच तर म्हणतेय. काल डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही तुम्ही काहीच सांगितलं नाही. माझ्या शेजारी उभे होतात. एक शब्द? नाही. भिंतीवरचा कागद वाचत होतात, हात कसे धुवावेत.

दादा: अगं, मला काही सुचत नव्हतं त्या वेळी.

वन्सं: पण दादा, आता तरी विचार कर ना. घरात खरंच काही नाहीये. मी कोपरान्‌कोपरा बघितला. मग बाबांनी खाल्लं कुठे?

दादा: आता त्याचा काय उपयोग? झालं ते झालं.

वन्सं: असं कसं? उद्या घरी येतील तेव्हा परत तेच होईल. बाबा एकटे तर कुठे जात नाहीत. संध्याकाळी फिरायला जातात, ते तुझ्याबरोबर. हो ना? दादा?

दादा: पाणी दे गं जरा.

वहिनी: घ्या हाताने. आधी तिला उत्तर द्या.

दादा: नाक्यावरच्या बेकरीत. रोज नाही जायचो.

वन्सं: काय?

दादा: म्हातारा माणूस. काचेसमोर उभे राहायचे नुसते. मागे हात बांधून. एखादं पोरगं बघतं तसं. एकदा म्हटलं, चला, आज एक घ्या. क्रीमचा बन घेतला त्यांनी. हाताला लागलेलं क्रीमसुद्धा सोडलं नाही. मग... मग ठरूनच गेलं.

वहिनी: कधीपासून?

दादा: बघ ना आता, तू असं उलटतपासणीसारखं...

वहिनी: कधीपासून, विचारलं मी.

दादा: मागच्या थंडीपासून.

वहिनी: आणि तुम्ही?

दादा: ते एकटेच कसे खाणार? सोबत म्हणून मीही घ्यायचो काहीतरी.

वहिनी: चिमी? ती पण यायची तुमच्याबरोबर. बोला, चिमीसुद्धा?

दादा: तिला काय बाहेर उभी करणार? घ्यायची ती पण. तिला सांगितलं होतं, आईला बोलू नकोस, आईला वाईट वाटेल.

वहिनी: म्हणून रात्री म्हणायची, आई, भूक नाही. आणि मी, तिला जंत झाले असतील म्हणून, औषध पाजलं. दोनदा! नाक दाबून पाजलं. रडली ती, पण बोलली नाही. बापाचा शब्द पाळला पोरीने.

दादा: तेवढं मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वहिनी: म्हणजे या घरात मी एकटीच जेवत होते.

वन्सं: दादा, अरे, बाबांचा पाय गेला. तुला डॉक्टरांनी एवढं बजावलं होतं.

दादा: माहितीये! काल रात्रभर दुसरं काही नाहीये माझ्या डोक्यात. एका बनने काय होतंय, असं वाटायचं. त्यांचं तोंड बघून वाटायचं, एवढं तरी सुख असू दे.

वन्सं: रडू नकोस. अरे, तू काय मुद्दाम थोडंच केलंस? प्रेमापोटीच केलंस ना?

वहिनी: वा! आत्ता डबे उघडत होतात तेव्हा साखर देणारा गुन्हेगार होता. आता तो सापडला, तर प्रेमळ झाला.

वन्सं: तसं नाही. पण वहिनी, रागावू नकोस, माणूस बाहेर कधी जातो? घरच्या खाण्यात चव नसेल तेव्हा ना? उकडलेलं, भाजलेलं, बिनमिठाचं. म्हातारपणी जीभच काय ती उरलेली असते.

वहिनी: थांबा. हे घ्या.

वन्सं: आत्ता नको गं.

वहिनी: घ्या. सकाळचं सूप आहे, गरम केलंय. आणि ही बिस्किटं, खजूर घालून केलेली. माझं सांगून झालं, त्यांचं सांगून झालं. आता तुमची जीभ सांगू दे. या घरात आल्यापासून डबे तेवढे हुंगताय, खाल्लं नाहीत काही.

वन्सं: दे. बघू.

वहिनी: सावकाश. भाजेल.

वन्सं: ह्यात काय आहे?

वहिनी: भाजलेला भोपळा, लसूण, लिंबू. मिरी. वाईट आहे का?

वन्सं: नाही.

वहिनी: नीट सांगा. माझ्यावर उपकार म्हणून नको.

वन्सं: चांगलं आहे. चांगलंच आहे गं. बिस्किट तर... दादा, अरे, हे सोडून तुम्ही बेकरीत जायचात?

दादा: मी कुठे म्हटलं की चव नसते?

वहिनी: मग काय होतं? चव होती, ताट वेळेवर होतं. मग काय कमी होतं?

दादा: सोड ना.

वहिनी: नाही. आज बोलाच.

दादा: तू समोर बसायचीस.

वहिनी: काय?

दादा: वाढलंस की समोर बसायचीस. स्वतः घ्यायची नाहीस. आमच्या तोंडाकडे बघत राहायचीस. घास घेतला की तुझे डोळे घासाबरोबर वर. कोण काय बाजूला काढतंय, कुणी किती टाकलं. बाबा म्हणायचे, हे जेवण नाही, तोंडी परीक्षा आहे. घास गिळवायचा नाही त्यांच्याच्याने. बेकरीत कसं, कुणाचं लक्ष नसतं आपल्याकडे. तिथे नुसतं खाता यायचं.

वन्सं: दादा, पुरे.

वहिनी: नाही, बोलू द्या त्यांना. खरं आहे ते. बघायचे मी.

दादा: मला तुला दुखवायचं नव्हतं.

वहिनी: बघायचेच. कारण तुमच्यातला एकही जण तोंडातून शब्द काढत नव्हता. दिवसभर भाजायचं, किसायचं, गाळायचं, आणि ताटावर चिडीचूप. छान झालंय म्हणून नाही, बेकार झालंय म्हणूनही नाही. म्हणून तोंडाकडे बघायचे. म्हटलं, निदान तोंडावरून तरी कळेल.

वन्सं: वहिनी, बस जरा. ये, इथे बस.

वहिनी: बसून काय करू?

वन्सं: हे बघ, तू दमली आहेस. बाबांना सोडलं की थोडे दिवस मी नेते त्यांना माझ्याकडे. तेवढीच तुला विश्रांती.

वहिनी: न्या.

वन्सं: हो... म्हणजे विचारायला हवं घरी. आमच्याकडे लिफ्ट नाही ना. आणि आता चाकाची खुर्ची आली. त्यातून मी सकाळी बाहेर पडते ती दिवे लागल्यावरच येते. करणार कोण त्यांचं?

वहिनी: बरोबर आहे. माझ्याकडेही लिफ्ट नाही, वन्सं. पण मी मघाशी दुकानात फोन केला होता.

दादा: कुठल्या दुकानात?

वहिनी: चष्म्याच्या. तुम्ही यायच्या आधीच. तेव्हा हे बेकरीचं मला माहीतही नव्हतं. म्हटलं, माझ्या स्वयंपाकाने माणसाचा पाय जात असेल तर मी करूच नये. माझी जागा भरलीय. मागच्या खोलीत खोकी उघडायला आणि फ्रेमा पुसायला माणूस हवाय, म्हणाले. हो म्हटलं. सोमवारपासून.

दादा: आणि बाबांचं? मला एका शब्दाने विचारलं नाहीस?

वहिनी: नाही.

दादा: अगं, पण त्यांचं जेवणखाण?

वहिनी: उद्या त्या आहाराच्या बाईंकडे तुम्ही जायचं. मान हलवायला नाही, शिकायला. आणि बेकरीचंही सांगायचं.

दादा: बाबांच्या देखत? या वयात त्यांना चोर ठरवू? आत्ताच तर पाय गेलाय त्यांचा.

वहिनी: मग माझ्या नावावर राहू दे म्हणता?

वन्सं: अगं, तिथल्या लोकांना काय पडलंय? दोन दिवसांनी विसरतील ते. तुझं-आमचं तर आता स्पष्ट झालंच ना.

वहिनी: काल सगळ्यांसमोर झालं आणि आज ओट्याशी स्पष्ट झालं. भारीच.

दादा: बघतो मी. सांगेन. बघतो.

वहिनी: बघा.

दादा: ते उद्याचं उद्या. पण आज संध्याकाळचा डबा न्यायचाय बाबांना. घरचं चालेल म्हणालेत. आजच्यापुरतं तरी... काय देतेस?

वहिनी: त्यांनाच विचारा. फोन आहे ना उशाशी. विचारा, काय खावंसं वाटतंय. मी ऐकते.

दादा: थांब, लावतो... हॅलो, बाबा? हो, पोचलो. दुखतंय का?... हं... नाही, ती इथेच आहे. बाबा, ती विचारतेय, संध्याकाळी डब्यात काय देऊ? काय आवडेल तुम्हाला?... नाही नाही, मोकळेपणाने सांगा... हं... बरं. बरं, ठेवतो.

वन्सं: काय म्हणाले?

दादा: म्हणाले, काहीही चालेल.

वहिनी: दोन वर्षं हेच म्हणतायत.