मामाची मिशी

मामाचं डोकं मी कॉम्प्युटरवर केलतं, ते सांगितलं न्हाई का तुमाला? ऐका मग.

थ्रीडीच्या कामाला खरा चेहरा पायजे होता. सिरसाळ्याला मामाकडं गेलो, त्याला सावलीत उभं केलं अन् चारी बाजूनं फोटो काढले. मग तिथंच बसून लॅपटॉपवर डोकं घडवलं अन् फोटोतली कातडी त्याच्यावर जशीच्या तशी चढवली. सुरकुत्या, चामखीळ, दाढी करताना कापलेलं, सगळं! केस अन् मिशी शेवटी वेगळी बसवायची असत्यात, म्हणून दोन्ही पुसून टाकली. डोकं इतकं हुबेहूब झालं की मला दमच निघंना. चित्र भावकीच्या ग्रुपवर टाकलं, मोबाइल चार्जिंगला लावला अन् जेवून आडवा झालो.

उठून तोंड धुतोय तोवर दारात जीप! गेवराईची मावशी "आबाऽऽ, आमाला सोडून कावून गेलात ओ!" करीतच उतरली. मागं सारी भावकी, तोंडं पाडून. अन् आबा, म्हंजी मामाचा अन् मावशीचा बाप, ओट्यावर चहा फुरकत बसलेला.

आबा म्हणला, "कोण गेलं गं?"

मावशीचं रडणं जागीच थांबलं. तिनं मोबाइल पुढं धरला. "मग दादानं डोकं-मिशी कावून उतरवली? बाप जिता असताना मिशी कोण काढतं?"

तेवढ्यात मामा मिशीला पीळ देत शेतातनं आला. माणसं त्याच्याकडं बघायलीत, मोबाइलकडं बघायलीत, अन् मी दाराआड!

आबानं चित्र डोळ्याजवळ नेलं, मामाला एकदा नीट न्याहाळलं अन् म्हणला, "लई वंगाळ दिसतंय हे ध्यान. आता मला मरायला जमायचं न्हाई."