मागच्या दारावरचा कॅमेरा

कॅलिफोर्नियातल्या ह्युम्बोल्टच्या परवाना कार्यालयात टेस आपल्या प्रयोगशाळेच्या कामासाठी नंबर लावून बसली होती. शेजारी, आता कायदेशीर झालेल्या गांजाची शेती करणारं एक म्हातारं जोडपं मांडीवर सुरक्षेचा आराखडा पसरून बसलं होतं.

“ऑर्विल, मागच्या दारावर कॅमेरा का नाही दाखवलास?”

“राहिला असेल.”

“मागच्या वेळीही तोच राहिला, म्हणून तर आराखडा परत आला. आज पुन्हा नाकारला तर यंदाचं पीक विकता येणार नाही.”

“डार्लीन, ते दार आपण पोलिसांपासून पळायला केलं होतं. त्याच्यावर आपल्याच हातांनी कॅमेरा लावायचा?”

“आता पोलीस येत नाहीत, चोर येतात. खरं काय ते सांग.”

“दाराबाहेर आपला बाक आहे.”

“मग?”

“संध्याकाळी तू माझ्या मांडीवर पाय टाकून बसतेस, मी तुझी बोटं चोळतो. ते चित्रण महिनोन्महिने जपून ठेवायचं, आणि हे साहेबलोक मागतील तेव्हा बघणार.”

“अरे वेड्या, एवढ्यासाठी परवाना घालवणार होतास?”

“बाक हलवू या का?”

“मुळीच नाही. ऊन शेवटपर्यंत तिथेच असतं. जन्मभर लपूनछपून बसले तुझ्याजवळ, आता बघू देत त्यांना. पेन्सिल कुठाय?”

टेसने न मागताच आपली पेन्सिल पुढे केली.

“थँक्यू गं पोरी. ऑर्विल, कॅमेरा जरा डावीकडे काढ. उजवीकडून मी जाड दिसते.”