हात न टेकता

भिवंडीतल्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर साठीच्या दोन बायका बोलत होत्या. आवाज दाबायची पद्धत एकीला तरी माहीत नव्हती.

"सुमतीबाई, पाळी जाऊन धा वर्सं झाली ना? मंग मांड्यांची ताकद गेली का न्हाय?"

"हळू बोला, आक्का. आमचे हे बसलेत पलीकडे."

"बसू दे. त्यांना ठावं न्हाय का?"

"परवा मी पूजेला पाटावर बसले, तर उठताच येईना. सुनेनं ओढून उभं केलं. रडूच आलं मला."

"माजा पन तेच झालता. आमच्या पूर्णा गावची शेती गोडाऊनं बांधायला गेली, भाताचे भारे उचलना बंद. पोरगा बोलतो, आई, आता आराम कर. आरामानीच पाय गेले."

"मग?"

"डाक्टरीण बोलली, हृदयासाठी रोज भरभर चाल, नि अंगात मांस टिकवायला वजन उचल. आता तांदळाची पिशवी छातीशी धरून उठाबशा काढते."

"मलाही मागच्या खेपेला तेच सांगितलं. पण हे म्हणतात, या वयात शोभत नाही. आणि उठाबशा तर मी शाळेत पोरांना शिक्षा म्हणून द्यायचे!"

"मंग आता सवता काढा. उठा. बाकाला हात न्हाय लावायचा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"पाटावरून उठवायला सगळे येनार हायेत का?"

"आई गं... एक."

"बसा. परत."

"दोन... तीन..."

"अगं सुमती, काय चाललंय हे? आपला नंबर आला. चल, हात दे."

"हात राहू द्या. तुम्ही मोजा. चौथी चालू आहे."